त्वचेचे वस्त्र : नग्नता, लंगोटी आणि योगसाधना यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विचार

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे एकमेकांशी जोडली गेली. या मार्गावर ठाणे, नेरळ, लोणावळा, कामशेत, देहूरोड, चिंचवड व पिंपरी ही स्थानके एकामागून एक लागतात. चिंचवडच्या पूर्वेस इंद्रायणीच्या काठी आळंदी आहे आणि आळंदीच्या उत्तरेस चाकण. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढील काही दशकांत हा सारा टापू यंत्रांच्या व कामगारवस्त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु मानवी देह, त्याचे आवरण आणि त्याची साधना या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास एवढ्याच पट्ट्यात जी सामग्री मिळते ती अन्यत्र इतकी एकवटलेली क्वचितच आढळेल. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्या परंपरेचा मूलाधार आहे ती आळंदीची, प्रयोगशाळेत योगाची परीक्षा करणारी पहिली संस्था लोणावळ्याची, आणि वस्त्रत्यागाचा आधुनिक, ऐहिक विचार ज्या संघाने जगात प्रथम नियमबद्ध केला तो ठाणे व माथेरान येथील.

विवस्त्र होऊन योगासने करावीत व त्यात कामविकाराचा लेश नसावा, असा एक पंथ पाश्चात्त्य देशांत रूढ झाला आहे, आणि त्याचे समर्थक त्याला भारतीय प्राचीनतेचा आधार देतात. उलट पक्षी, हे सारे परकीय खूळ असून येथील परंपरेस ते सर्वथा अपरिचित होते, असे सांगणारेही पुष्कळ आहेत. ही दोन्ही मते पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीत. दोहोंचा दोष एकच आहे. नग्नता ही एकजिनसी वस्तू आहे असे दोघेही गृहीत धरतात.

प्रथम भाषेची साक्ष घ्यावी. मराठीत ‘नागडा’, ‘उघडा’, ‘नग्न’, ‘दिगंबर’ आणि ‘अवधूत’ हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नागडे असते ते मूल किंवा निर्लज्ज माणूस. उघडा म्हणजे अंगात सदरा नसलेला. शेतातला कुणबी दिवसभर उघडा असतो, पण त्याला कोणी नागडा म्हणत नाही. ‘नागवणे’ या क्रियापदाचा अर्थ तर लुबाडणे, सर्वस्व हिरावून घेणे असा आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशातही तो नोंदलेला आहे. सावकाराने नागवलेल्या माणसाच्या अंगावर वस्त्र असतेच. त्याची गेलेली असते ती पत आणि जमीन. ‘दिगंबर’ हा शब्द मात्र या सर्वांहून निराळ्या पातळीवर उभा आहे. त्यात अभाव नाही. दिशा हेच अंबर अशी वस्त्राची भाषाच कायम ठेवून केलेली ती कल्पना आहे. सक्तीने आलेले उघडेपण आणि व्रत म्हणून स्वीकारलेले उघडेपण यांत भाषेने पाडलेला हा भेद इतिहासकाराने पुसून टाकणे योग्य नव्हे.

या शब्दाचे दैवतही महाराष्ट्राचेच म्हणावे इतके येथे रुजलेले आहे. दत्तात्रेयाच्या नामघोषात ‘दिगंबर’ हे संबोधन पुनःपुन्हा येते. औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर येथे ते अहोरात्र ऐकू येते. तथापि पूजेतील दत्तमूर्ती वस्त्रालंकारांनी सजलेली असते आणि ज्या नृसिंहसरस्वतींना त्याचा अवतार मानतात ते काषाय वस्त्र धारण करणारे दंडी संन्यासी होते. नाशिकच्या सिंहस्थात जमणाऱ्या वैष्णव बैरागी साधूंच्या तीन ‘अनीं’पैकी एकीचे नाव ‘दिगंबर’ आहे, पण त्या अनीतील साधू वस्त्रे नेसतात. भस्म फासून खरोखर विवस्त्र निघतात ते त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करणारे शैव नागा. म्हणजे शब्द एकीकडे आणि आचार दुसरीकडे, अशी स्थिती संप्रदायांच्या आतच आहे. ज्याला दिगंबर म्हटले तो नग्न होताच असे अनुमान काढणारा अभ्यासक येथे फसेल.

नग्न साधकांच्या विशिष्ट आसनांचे अतिप्राचीन परकीय वर्णन स्ट्रॅबो या भूगोलकाराने जतन केले आहे. इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेस असता त्याने ओनेसिक्रिटस या आपल्या सहचरास तेथील तपस्व्यांकडे पाठविले. नगरापासून काही अंतरावर पंधरा पुरुष कोणी उभे, कोणी बसलेले, कोणी पहुडलेले अशा निरनिराळ्या स्थितींत, विवस्त्र व निश्चल, संध्याकाळपर्यंत राहत असल्याचे त्याने पाहिले. भर दुपारी ज्या जमिनीवर अनवाणी चालवत नसे तिच्यावर ते होते. त्यांतील कलानोस नामक तपस्वी पाहुण्याचा झगा, टोपी व पादत्राणे पाहून हसला आणि ज्ञान हवे असेल तर वस्त्रे उतरून याच तापलेल्या दगडांवर येऊन पड, असे त्याने सुनावले. नग्न योगाच्या प्राचीनतेचे समर्थक या प्रसंगाचा उल्लेख अगत्याने करतात. ‘नग्न तत्त्वज्ञ’ या अर्थाचा ग्रीक शब्द तर १९२२ साली इंग्लंडात निघालेल्या एका नग्नतावादी मंडळाने आपल्या नावातच घेतला. परंतु स्ट्रॅबोचे कथन तेथे संपत नाही. तपस्व्यांतील सर्वांत वृद्ध व जाणता असा मंदनिस याने कलानोसाची या उद्धटपणाबद्दल कानउघाडणी केली आणि आलेल्या जिज्ञासूशी त्याच्या अंगावरील वस्त्रांसह संभाषण केले. वस्त्र उतरविणे ही ज्ञानाची पूर्वअट आहे की नाही, हा वाद त्या पंधरा जणांतच होता. पुढे हाच कलानोस अलेक्झांडरच्या मागे इराणात गेला. मंदनिस गेला नाही.

संन्यासाच्या शास्त्रात नग्नतेला निश्चित स्थान होते. जाबालोपनिषदात परमहंसाचे वर्णन जन्मसमयीच्या रूपात राहणारा, परिग्रहरहित असे येते. येथे वस्त्र जाते ते अखेरच्या मालमत्तेच्या रूपाने. शिखा, यज्ञोपवीत, दंड, कमंडलू यांच्याबरोबर तेही जाते, आणि हे सर्व करणारा गृहस्थ नसून समाजाच्या चौकटीबाहेर पडलेला मनुष्य आहे. अवधूताच्या वर्णनांतही मुख्य गोष्ट वस्त्राची नाही. वस्त्र असले काय आणि नसले काय, त्याला त्याची खबर नाही, ही ती गोष्ट. १८७८ साली शेगावी प्रकट झालेल्या गजानन महाराजांची दिगंबर मूर्ती विदर्भात घरोघरी पूजिली जाते, पण भक्तांपैकी कोणी त्यांच्या वस्त्रहीनतेचे अनुकरण उपासना म्हणून केले नाही.

याहून अधिक काटेकोर व अखंड परंपरा दिगंबर जैनांची. मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांत वस्त्रत्याग हा एक मूलगुण आहे. त्याच्या शेजारी स्नान न करणे, दात न घासणे, भूमीवर निजणे, उभ्याने आणि दिवसातून एकदाच आहार घेणे, केस हाताने उपटणे हे गुण बसलेले आहेत, हे विसरता येत नाही. ज्याला केवळ नग्नता हवी आणि बाकीचे सत्तावीस गुण नकोत, त्याला ही परंपरा आपला आधार देणार नाही. तथापि आसन आणि नग्नता यांचा खराखुरा, शास्त्रोक्त संयोग कोठे असेल तर तो येथेच आहे. त्याचे नाव कायोत्सर्ग. दोन्ही हात मांड्यांना न टेकविता खाली सोडून, दृष्टी स्थिर ठेवून ताठ उभे राहावयाचे आणि देह आपला नाही असे समजून तो जणू तेथेच टाकून द्यावयाचा. वेरूळच्या जैन लेण्यांतील बाहुबलीच्या पायांवरून व हातांवरून वेली चढल्या आहेत. मूर्तिकाराला दाखवावयाचे आहे ते देहसौष्ठव नव्हे, त्या देहाचा धनी त्यातून निघून गेल्याला किती काळ लोटला ते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळ बाहुबली क्षेत्री १९६३ साली उभी राहिलेली प्रचंड मूर्ती हीच मुद्रा घेऊन उभी आहे.

ही परंपरा विसाव्या शतकात नव्याने तेजस्वी झाली ती मराठी–कानडी सीमाभागातून. बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावच्या परिसरात १८७२ साली जन्मलेले शांतिसागर महाराज १९२० साली मुनिदीक्षा घेऊन दिगंबर झाले. १९२४ साली सांगलीजवळील समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले आणि १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. शतकानुशतके उत्तरेत जवळजवळ लुप्त झालेला दिगंबर मुनीचा विहार त्यांच्या पदयात्रांनी पुन्हा दृष्टीस आणून दिला. या परंपरेची एक मर्यादा मात्र स्पष्ट नोंदविली पाहिजे. तिच्यात आर्यिका एक पांढरे वस्त्र धारण करते, आणि वस्त्रत्याग अशक्य म्हणून स्त्रीदेहाने मोक्ष नाही, असा सिद्धांत दिगंबर आचार्यांनी मांडला. श्वेतांबरांनी तो मानला नाही. ज्या नग्नतेला पुरुषापुरतेच द्वार आहे तिला देहाविषयीची सर्वसामान्य मुक्त दृष्टी म्हणणे कठीण आहे.

मावळात, कामशेतजवळील पाले येथील लेण्यात ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी आरंभ होणारा एक ब्राह्मी लेख आहे. भदंत इंदरखित याने लेणे व पाण्याचे टाके दिल्याची ती नोंद, आणि काही विद्वान तिला महाराष्ट्रातील सर्वांत जुना जैन लेख मानतात. अर्हंत हा शब्द बौद्धांचाही असल्यामुळे हा निर्णय वादातीत नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, लेखात टाक्याचा उल्लेख आहे, वस्त्राचा वा वस्त्रत्यागाचा नाही. त्या लेण्यात राहणारे साधक कसे दिसत असत हे ठरविण्यास त्याचा उपयोग होत नाही, आणि या बाबतीत बरेच उत्साही लेखन पुराव्याच्या पुढे धावले आहे.

आता योगग्रंथांकडे वळावे. कारण प्रश्न योगाचा आहे आणि आतापर्यंतची चर्चा संन्यासाची झाली. पतंजलीने आसनाची व्याख्या स्थैर्य व सुख या दोनच लक्षणांनी केली. वस्त्राविषयी तो मौन बाळगतो. शौचाच्या सूत्रात तर तो म्हणतो की, शुद्धीच्या अभ्यासाने साधकाला स्वतःच्या अंगाविषयी जुगुप्सा उत्पन्न होते व इतरांच्या देहाशी संपर्क नकोसा होतो. देहावर प्रेम करावयास शिकविणाऱ्या आधुनिक विवस्त्रसाधनेला हे सूत्र अडचणीचेच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकांती, एकट्याने, दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांच्या आसनावर बसावे असे सांगितले आहे. म्हणजे वस्त्र आहे, ते आसनाचे. साधकाच्या अंगावर काय असावे याची वाच्यता नाही.

हठयोगाच्या प्राचीनतम ग्रंथांपैकी एक, तेराव्या शतकातील ‘दत्तात्रेययोगशास्त्र’, हा याबाबतीत विशेष बोलका आहे. ग्रंथातील उपदेशक दत्तात्रेय, म्हणजे तोच दिगंबर. त्याने योगाचा अधिकार ब्राह्मणाला, श्रमणाला, बौद्धाला, जैनाला, कापालिकाला, फार काय चार्वाकालाही दिला आहे. अट एकच, श्रद्धेने अभ्यास करण्याची. मुंडन, दंड, काषाय वस्त्र, जटा, भस्म यांनी योगी होता येत नाही, क्रियेनेच होता येते, असे तो बजावतो. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाने ‘हठप्रदीपिके’त हाच विचार स्वीकारला. वेष हे सिद्धीचे कारण नव्हे, हे वाक्य सामान्यतः भगव्या वस्त्राच्या ढोंगाविरुद्ध वापरले जाते. पण ते दुधारी आहे. नग्नता हाही एक वेष आहे, आणि दिगंबर दैवताच्या मुखी हे बोल घातले जावेत यात ग्रंथकाराचा काही हेतू असावा असे वाटल्यावाचून राहत नाही.

स्वात्माराम वस्त्राविषयी काही सांगत नाही, पण जागेविषयी पुष्कळ सांगतो. मठिका लहान असावी, तिचे दार अरुंद असावे, खिडकी नसावी, जमिनीत खळगे वा बिळे नसावीत, ती फार उंच नसावी, फार ठेंगणी नसावी, शेणाने सारवलेली व जंतुरहित असावी; बाहेर मंडप, ओटा व विहीर असावी आणि भोवती भिंत असावी. हा तपशील साध्या टापटिपीचा नव्हे. त्याचे तात्पर्य असे की, साधना चालू असता साधकाकडे पाहणारा कोणी असू नये. पाहणारा नसेल तर अंगावर किती वस्त्र आहे हा प्रश्नच उरत नाही. योगग्रंथांनी साधकाकडे एकांत मागितला, नग्नता मागितली नाही. आणि नग्नतेला मनाईही केली नाही.

ज्ञानेश्वरांनी गीतेतील या एकांतस्थानाचा विस्तार सहाव्या अध्यायात मोठ्या कौतुकाने केला आहे, आणि त्यानंतर मूळ गीतेत नसलेले कुंडलिनीचे वर्णन नाथपरंपरेच्या आधाराने घातले आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथात देहाविषयीची दृष्टी पतंजलीच्या जुगुप्सेहून अगदी भिन्न आहे. कुंडलिनी जागी झाल्यावर वरवरची कातडी कोंड्यासारखी झडून जाते, आणि ढगांचे पांघरूण ओसरल्यावर सूर्य दिसावा तशी आतील कांती प्रकट होते; योग्याचा देह नव्याने घडतो व इतका सुकुमार दिसतो की मृत्यूनेही त्याला भ्यावे. पुढे कुंडलिनी प्राणात विलीन होते तो क्षण रंगविताना, वायूच्या पुतळीने नेसलेले सोनेरी वस्त्र फेडून बाजूस ठेवावे, असा दृष्टांत ज्ञानेश्वर देतात. वस्त्र फेडण्याची प्रतिमा येथे दोनदा येते आणि दोन्ही वेळा फेडले जाते ते सुताचे वस्त्र नव्हे. पहिल्या वेळी त्वचा हेच वस्त्र आहे, दुसऱ्या वेळी रूप हेच वस्त्र आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील, आत्मा जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकतो, या प्रसिद्ध उपमेचाच हा योगमार्गातील विस्तार म्हणता येईल. ज्या विचारसरणीत देह हेच पांघरूण आहे, तिच्या दृष्टीने धोतर उतरविणारा साधक अद्याप पूर्ण वस्त्रानिशी बसलेला असतो.

पाहणाऱ्याच्या दृष्टीचा प्रश्न भागवतातील एका आख्यायिकेने सोडविला आहे, आणि कीर्तनांतून ती महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. शुक नग्न जात असता जलक्रीडा करणाऱ्या अप्सरांना लाज वाटली नाही. मागून वस्त्रे नेसलेले वृद्ध व्यास आले तेव्हा मात्र त्यांनी घाईने वस्त्रे घेतली. व्यासांनी कारण विचारले. उत्तर असे मिळाले की, स्त्री आणि पुरुष हा भेद तुमच्या दृष्टीत आहे, तुमच्या पुत्राच्या दृष्टीत नाही. कामरहित नग्नतेचे याहून नेमके विवेचन प्राचीन वाङ्मयात दुसरे नसेल. परंतु त्यात निर्विकारता हे शुकाच्या वस्त्रहीनतेचे फळ नाही. क्रम उलटा आहे.

लोकव्यवहाराने या दोन टोकांमध्ये एक वस्तू घडविली. ती लंगोटी. बैराग्याची कौपीन, रामदासी ब्रह्मचाऱ्याची लंगोटी, तालमीतील पहिलवानाचा लंगोट आणि मल्लखांबावरील मुलाचा लंगोट या एकाच वस्त्राच्या चार परी आहेत. मराठी देहसंस्कृतीने नग्नता श्रेष्ठ मानली नाही, पूर्ण पेहरावही श्रेष्ठ मानला नाही. तिने उरता उरेल तेवढे कमी वस्त्र श्रेष्ठ मानले, आणि त्याच्याशी ब्रह्मचर्याची कल्पना इतकी घट्ट बांधली की ‘लंगोटबंद’ हा शब्द चारित्र्याचा वाचक झाला. गावोगावच्या तालमींत मारुतीसमोर तेल माखलेले उघडे देह रोज एकमेकांना भिडतात आणि त्यात कोणाला अश्लीलता दिसत नाही. देहाकडे निर्विकारपणे पाहण्याचा सर्वांत व्यापक सामाजिक प्रयोग या भूमीत झाला तो येथे, आणि तोही केवळ पुरुषांपुरता.

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा हीच लंगोटीची रीत प्रयोगशाळेत आली. उड्डियान व नौली करताना पोटातील दाब किती उतरतो हे दाबमापकाने मोजावयाचे, क्ष-किरणांनी आतड्यांची हालचाल पाहावयाची, तर उदर उघडे असलेच पाहिजे. अत्यल्प वस्त्रातील साधकाचे छायाचित्र या नव्या शास्त्राचा पुरावा बनले. स्वात्मारामाने ज्याला खिडकीही नको म्हटले होते, ती साधना आता छापील पृष्ठावर सर्वांसमोर आली. वस्त्र जसेच्या तसे राहिले. गेला तो एकांत. आधुनिक योगाच्या इतिहासात याहून मोठे स्थित्यंतर दाखविता येणार नाही, आणि नग्न योगाचा प्रश्न उपस्थित होण्यास वाव मिळाला तोही यानंतरच.

नग्नतेचा ऐहिक विचार मात्र त्याआधी तेहतीस वर्षे याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशी जन्मला होता. १८९१ साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ या नावाचा संघ काढला. सभासद तीन : विधुर असलेले स्वतः क्रॉफर्ड, आणि अँड्र्यू व केलॉग काल्डरवुड हे एका मिशनऱ्याचे पुत्र. माथेरान हे त्यांचे एक स्थान; तेथील छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली, तेव्हा हे तिघे नेरळला उतरून घोड्याने वा पायी डोंगर चढत असले पाहिजेत. संघाची माहिती आज उपलब्ध आहे ती क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज विचारवंताला लिहिलेल्या पत्रांमुळे. वस्त्रत्यागाची त्यांची कारणे आरोग्याची, नीतीची व सौंदर्याची होती : झाकलेली त्वचा रोगट होते, लपविण्याने विकार वाढतो, आणि मानवी देह लाजण्यासारखा नसून सुंदर आहे. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली झाली तेव्हा संघ विस्कटला, आणि १८९४ साली ते मरण पावले. जर्मनीत अशा स्वरूपाचे पहिले नग्नोद्यान निघाले ते १९०३ च्या सुमारास. म्हणजे संघटित आधुनिक नग्नतावादाची आज ज्ञात असलेली पहिली नोंद ठाणे जिल्ह्याच्या नावावर पडते.

या प्रकरणातील विरोधाभास न्यायाधीशाच्या आसनापाशी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २९४ वे कलम सार्वजनिक स्थळी इतरांस उपद्रव होईल असे अश्लील कृत्य करणाऱ्यास शिक्षा सांगते, आणि ती संहिता राबविणे हे क्रॉफर्ड यांचे नित्याचे काम होते. बंगल्याच्या भिंतीमुळे त्यांना ते कलम लागू पडत नव्हते. त्याच माथेरानच्या उतारावर कातकरी व ठाकर लंगोटीवर लाकडे वाहत होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने अशा जातीजमातींच्या पोशाखाची नोंद केली ती त्यांच्या दारिद्र्याचे व मागासपणाचे लक्षण म्हणून. एकाच डोंगरावर एकाची वस्त्रहीनता तत्त्वज्ञान ठरली, दुसऱ्याची दैन्य.

क्रॉफर्ड यांच्या संघाचा योगाशी संबंध असल्याचे दिसत नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. कार्पेंटर १८९० च्या हिवाळ्यात सिंहलद्वीप व हिंदुस्थान हिंडून गेले होते, एका ज्ञानी गुरूच्या सहवासावर त्यांनी लिहिले, आणि १८९२ साली निघालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथाच्या नावातच घारापुरीचे नाव आहे. साधेपणाने उघडे राहण्याची आवड व वेदान्ताची आवड या एकाच माणसात शेजारी शेजारी नांदत होत्या. पण त्या दोन आवडींची सांगड आसनांशी घातली गेली ती पुढे, अमेरिकेत. मार्गरिट ॲग्नियेल यांच्या १९३१ सालच्या ‘द आर्ट ऑफ द बॉडी’ या पुस्तकापासून तिचा माग लागतो; १९६० नंतरच्या दशकांत ती फोफावली. या सांगडीतील आसने हठयोगाची आहेत आणि देह क्रॉफर्ड यांचा आहे : निरोगी, सुंदर, लाजेपासून सुटलेला. कायोत्सर्गातला टाकून दिलेला देह तो नव्हे, ज्ञानेश्वरीतला कोंड्यासारखी कातडी झाडणारा देहही नव्हे. ती अप्रतिष्ठित आहे असे यावरून ठरत नाही. तिचे कुळ निराळे आहे एवढेच ठरते.

न्यायालयांची दृष्टीही दरम्यान पालटली. १९९६ साली ‘बँडिट क्वीन’ चित्रपटाच्या आणि २०१४ साली एका छायाचित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असा निर्वाळा दिला. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जुने २९४ वे कलम तिच्यात २९६ वे झाले, परंतु ‘सार्वजनिक स्थळ’ व ‘इतरांस उपद्रव’ या त्याच्या दोन्ही खुणा कायम आहेत. बंद दाराआड स्वतःच्या साधनेत कोणी वस्त्र ठेवले वा टाकले याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नाही. म्हणजे कायदाही अखेर स्वात्मारामाच्याच ठिकाणी येऊन थांबतो : भोवती भिंत आहे की नाही.

पिंपरी–चिंचवड व चाकण पट्ट्यात नेमकी ही भिंत दुर्मीळ आहे. ज्यांना तुकोबांच्या एकांताची स्थाने म्हणून परंपरा ओळखते त्या भंडारा व भामचंद्र या डोंगरांपैकी भामचंद्राच्या पायथ्याशी चाकण औद्योगिक क्षेत्राची हद्द येऊन भिडली आहे. पाळीने काम करणारे तरुण कामगार भाड्याच्या एका खोलीत तिघे-चौघे राहतात. एकाची रात्रपाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची दिवसपाळी सुरू होते, आणि खोली क्वचितच रिकामी असते. ती लहान असते, तिचे दार अरुंद असते, खिडकी बहुधा नसतेच. मठिकेची एवढी लक्षणे जुळतात.